नर्सरीवाल्याची ‘डेझी’ म्हणजे नक्की कोणती?

रविवारची_कुंडी | १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच बागकामावर धागा काढतेय. सांभाळून घ्या.

जानेवारीत रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून दोन कुंड्या आणल्या. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली, अगदी लहान मुलं ‘फूल काढ’ म्हटलं की काढतात तसं फूल. काठीला अडकवलेल्या पाटीवर फक्त ‘डेझी’. ऐंशी रुपयांना दोन. चौथा मजला, गॅलरीला दुपारी दोननंतरचं ऊन. मार्चच्या मध्यापर्यंत नुसता बहर होता. ऑफिसची बॅग खांद्याला लावलेली असतानाच दोन मिनिटं तिथे उभी राहायचे. मग खालची पानं पिवळी पडायला लागली, कळ्यांवर माव्याची कीड आली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही कुंड्या आटोपल्या.

पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग कुंडी आतल्या खोलीत आणली. सासूबाई म्हणाल्या, “अगं थंडीतली झाडं ती, इथे कशी टिकायची?” मला मात्र वाटतंय की माझंच काहीतरी चुकलं.

गेल्या आठवड्यात त्याच नर्सरीत गेले. तो म्हणे, “डेझी है ना मॅडम,” आणि त्याने समोर ठेवला जर्बेरा! दुसऱ्या नर्सरीत ‘डेझी’ म्हणून केशरी फुलांचा फोटो असलेलं बियाण्याचं पाकीट दिलं.

तर प्रश्न दोन. एक, माझी डेझी कोणती होती? दोन, मार्चमध्ये सुकलेली पाच-सहा बोंडं मी कागदाच्या पाकिटात ठेवली आहेत, त्यातून काही उगवेल का?

---

चिमूटभर_मीठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:५२

वाचतोय. आमच्याकडे कुंडीत फक्त मांजर उगवतं.

---

खुरपं | १२ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताई, आधी तीन गोष्टी सांगा. झाडाची उंची किती होती? फूल केवढं होतं, नाण्याच्या मापात सांगा. आणि पान कसं होतं, लांबट चमच्यासारखं की कोथिंबिरीसारखं चिरलेलं?

‘डेझी’ हे झाडाचं नाव नाही, आडनाव आहे. जोशी कोणते ते कळल्याशिवाय पत्र कुठे टाकणार?

---

रविवारची_कुंडी | १२ ऑगस्ट, रात्री १०:४४

आडनाव! हाहा.
उंची वीतभर, फार तर थोडी जास्त. फूल दहाच्या नाण्याएवढं. पान लहान, चमच्यासारखं आणि कडेला करवतीसारखे दाते. पसरून कुंडीच्या काठावरून खाली आलं होतं.

---

खुरपं | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

मग ही बहुतेक पाल्युडोसम. पूर्वी हिला शेवंतीच्याच गटात धरून क्रायसॅन्थेमम पाल्युडोसम म्हणत, आता शास्त्रज्ञांनी मॉरॅन्थेमम असं वेगळं घर दिलंय. नर्सरीवाले अजून जुन्याच नावाने हाक मारतात, तुम्हीही मारा. आपल्याकडे ही एका हंगामाची. थंडीत उगवते, फुलते, बी धरते आणि ऊन तापलं की जाते. एप्रिलमध्ये गेली त्यात तुमचा काही दोष नाही. मार्च अखेरपर्यंत राहिली म्हणजे चांगली ठेवली होतीत. पश्चिमेच्या उन्हात अनेकांची होळीआधीच जाते.

आपल्याकडे ‘डेझी’ या एका पाटीखाली काय काय विकतात ते लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी फसगत होणार नाही.

तुमची ती पाल्युडोसम. पांढरी, ठेंगणी, हंगामी.

केशरी फोटोवालं पाकीट बहुतेक डायमॉर्फोथेकाचं. दक्षिण आफ्रिकेची. हिचं एक वैशिष्ट्य आहे, ढग आले की फूल मिटतं. ऑफिसला सकाळी सातला जाऊन संध्याकाळी सातला येणाऱ्या माणसाने ही लावू नये, उमललेली कधी दिसणारच नाही. गझानियाचंही तेच. पाकळ्यांवर पट्टे असतात, तिलाही काही जण डेझीच म्हणतात.

जर्बेरा. हीसुद्धा डेझीच, नर्सरीवाला अगदीच खोटं बोलला नाही. इंग्रजीत बार्बर्टन डेझी म्हणतात, दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन गावावरून. बहुवर्षायू आहे, नीट ठेवली तर दोन-तीन वर्षं फुलं देते.

आणि शास्ता. गुडघाभर उंच, फूल तळहाताएवढं, दुकानातल्या शुभेच्छापत्रांवर असतं ते. ही आणू नका. का ते कोणी विचारलं तर सांगेन, आता झोपतो.

बोंडांचं म्हणाल तर नक्की पेरा. पण आत्ता नाही. ऑगस्टच्या पावसात रोपं कुजतील. पाऊस मागे हटू द्या, नवरात्राच्या आसपास पेरा.

---

काळी_माती | १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी विचारते! शास्ता का नको? मी नागपुरात तीन वर्षं शास्ता सांभाळतेय. नुसती पानं. हिरवीगार, तुकतुकीत, पालकाच्या भाजीसारखी, पण फूल म्हणून नाही. खत बदललं, कुंडी बदलली, नवऱ्याने तर मागच्या वर्षी ‘भाजी कर’ म्हणून सुचवलं.

---

खुरपं | १३ ऑगस्ट, सकाळी ११:०५

काळी_माती, भाजी नका करू. खत कितीही बदला, ती फुलणार नाही.

शास्ता हे माणसाने घडवलेलं झाड आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावी ल्यूथर बरबँक नावाचा गृहस्थ होता, बटाट्यापासून प्लमपर्यंत शेकडो वाण काढले त्याने. त्याला हिमासारखं पांढरं, मोठं, कणखर फूल हवं होतं. रानातल्या ऑक्सआय डेझीशी युरोपातल्या दोन आणि शेवटी जपानची एक अशा डेझींचा संकर करत सतरा वर्षं घालवली आणि १९०१ साली झाड बाजारात आणलं. बर्फाच्छादित माउंट शास्ताचं नाव दिलं.

झाड घडलं तिकडच्या हवेत. त्याला आधी कडक थंडीचे काही आठवडे लागतात आणि मग मोठा दिवस लागतो. थंडी सरली, दिवस लांबला, म्हणजे आता उन्हाळा आला, फुला, असा त्याचा हिशेब. आपल्याकडे थंडी असते तेव्हा दिवस लहान असतो. दिवस लांबायला लागतो तोवर नागपुरात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. त्या बिचाऱ्याला संदेशच मिळत नाही. पानं काढत बसतं.

शेवंतीचं बरोबर उलटं. ती दिवस लहान झाला की कळी धरते, म्हणून दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे शेवंती. आणि म्हणूनच ज्यांच्या गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा रात्रभर जळतो त्यांची शेवंती फुलायला उशीर लावते, कधी फुलतच नाही. तिला रात्र पुरेशी लांब वाटत नाही. माझ्या मेहुण्याने दोन वर्षं खतवाल्याला शिव्या दिल्या, कुंडी मागच्या गच्चीत अंधारात नेली आणि तिसऱ्या वर्षी झाड फुलांनी लगडलं.

---

रविवारची_कुंडी | १३ ऑगस्ट, दुपारी १:३०

खुरपंकाका, आमच्या गॅलरीसमोर दिवाच आहे! शेवंती का रुसते ते आज कळलं.

---

पॉलीहाऊसवाला | १३ ऑगस्ट, रात्री ८:१५

जर्बेराचा विषय निघाला म्हणून लिहितो. मावळात आमचं वीस गुंठ्याचं पॉलीहाऊस आहे, भावाबरोबर.

लोक कुंडीतला जर्बेरा एकाच चुकीने मारतात. बाकीच्या रोपांसारखी माती वरपर्यंत भरतात. जर्बेराचा क्राऊन, म्हणजे जिथून पानं निघतात तो गाभा, मातीच्या वर राहिला पाहिजे. एक-दोन सेंटीमीटर उघडा. त्यात पाणी साचलं की आतून कुजतो, वरून पानं आठवडाभर हिरवी दिसतात आणि एक दिवस अख्खं रोप हातात येतं. पाणी झाऱ्याने डोक्यावरून घालू नका, कडेने घाला.

आणि फूल कात्रीने कापू नका. दांड्याच्या बुडाशी धरायचं, थोडं वाकवून हलका झटका द्यायचा, बुडासकट निघतं. कापलं की उरलेला खुंट कुजतो आणि ती कुज क्राऊनमध्ये उतरते. आमच्याकडे नवीन बायका कामावर आल्या की पहिले दोन दिवस हेच शिकवतो.

फूल कधी काढायचं तेही सांगतो, घरी फुलदाणीत ठेवायचं असेल तर उपयोगी पडेल. पाकळ्या पूर्ण उघडल्या म्हणून काढायचं नाही. मधली चकती बघायची. चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळींत परागाचे दाणे दिसायला लागले की फूल तयार. त्याआधी काढलं तर फुलदाणीत मान टाकतं.

बाजारभावाचं विचारू नका. दसरा-दिवाळी, लग्नसराईत हसतो, पितृपक्षात रडतो. त्यात आता मांडवाला प्लास्टिकची फुलं. एकदा घेतली की दहा लग्नं चालतात, आमचं चार-पाच दिवसांत संपतं.

---

चिमूटभर_मीठ | १३ ऑगस्ट, रात्री ८:४०

“चकतीच्या ओळी” म्हणजे काय दादा? मध्ये तर नुसतं पिवळं असतं ना?

---

गडवाट | १३ ऑगस्ट, रात्री १०:१०

हे मी सांगतो, माझा आवडता विषय. खिशात दहापट भिंग असतं माझ्या, ट्रेकचे भिडू हसतात.

डेझी हे एक फूल नाहीच. ती अख्खी वसाहत आहे. उद्या देवाच्या हारातला झेंडू किंवा शेवंती सोडवा (झेंडूही याच कुळातला, मेक्सिकोहून आलेला). जर्बेरा मिळाला तर उत्तम. एक ‘पाकळी’ बुडापासून हळूच ओढून काढा. तिच्या खालच्या टोकाला बारीक नळी दिसेल आणि नळीतून दोन फाट्यांचा धागा बाहेर आलेला असेल. तो स्त्रीकेसर. म्हणजे ज्याला आपण पाकळी म्हणतो ते स्वतःच एक फूल आहे, त्याच्या पाकळ्या जुळून एका बाजूला पट्टीसारख्या लांबल्या आहेत. आता मधल्या पिवळ्या भागातून टाचणीने एक दाणा उचला. भिंगाखाली तो पाच टोकांचा चिमुकला पेला दिसतो. तेही पूर्ण फूल. असे शेकडो पेले एका गादीवर दाटीने बसवलेले.

ते सगळे एकदम उमलत नाहीत. आधी बाहेरची ओळ, मग त्याच्या आतली, असं रोज थोडं थोडं केंद्राकडे सरकतं. पॉलीहाऊसवाल्या दादांनी सांगितलेल्या ओळी त्या याच. म्हणून डेझी इतके दिवस ‘ताजी’ दिसते, आत रोज नवीन फुलं उघडत असतात.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं. डेझी बघायला नर्सरीत कशाला जाता? सप्टेंबरमध्ये सह्याद्रीत चला. कास, सिंहगडाचे उतार, हरिश्चंद्रगडाची वाट, जिथे बघाल तिथे पिवळाधम्मक सडा. सोनकी. सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, नावातच बॉम्बे. तीही डेझीच, अस्सल आपल्या डोंगरातली. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसायादीत आहे ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून, पण लोक तिथे जाऊन सोनकीच्या मध्ये बसून फोटो काढतात आणि उठल्यावर मागे माणसाच्या आकाराचा खड्डा उरतो. यावर वेगळा धागा काढीन, नाहीतर इथे भांडण होईल.

---

आजीचा_बटवा | १४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मग एकदांडीही डेझीच की हो! आमच्याकडे कंबरमोडी म्हणतात, दगडी पालाही म्हणतात. रस्त्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत, एका लांब दांड्यावर एकच फूल. लहानपणी ढोपर फुटलं की आजी पानं हातावर चोळून रस जखमेवर पिळायची. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. हजारो वर्षांचं आपलं ज्ञान आहे हे.

---

गडवाट | १४ ऑगस्ट, सकाळी ९:००

एकदांडी डेझीच, शंभर टक्के. जवळून बघा, तिच्या पाच-सहा पाकळ्यांना प्रत्येकी टोकाला तीन दाते असतात, कुणी नखाने खुडल्यासारखे. फक्त एक दुरुस्ती. ती मूळची मध्य अमेरिकेची. हजारो वर्षांची नव्हे, काही शतकांचीच पाहुणी. आजीचं ज्ञान खरंच, पण आजीने नव्या झाडावर ते बसवलं.

---

आजीचा_बटवा | १४ ऑगस्ट, सकाळी ९:३५

ठीक आहे, मिरची-बटाटाही बाहेरचाच. पण माका तर आपला ना? तोही याच कुळातला आहे, लहान पांढरं फूल. तेलात घालतो तो. गणपतीच्या एकवीस पत्रींत आहे, श्राद्धालाही लागतो.

---

गडवाट | १४ ऑगस्ट, सकाळी ९:४१

माका मान्य! त्याला इंग्रजीत ‘खोटी डेझी’ म्हणतात, आपण देवाला वाहतो. पुढच्या महिन्यात पत्रीची जुडी सोडवाल तेव्हा बघा, कधी कधी त्यावर फूल असतं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, पण भिंगाखाली पूर्ण डेझी.

---

काळी_माती | १४ ऑगस्ट, दुपारी १२:२०

आणि कारळे! माझं माहेर नाशिककडचं, इगतपुरीच्या बाजूला ऑक्टोबरात शेतंच्या शेतं पिवळी असतात. खुरासणी म्हणतात तिकडे. आठ पाकळ्यांचं फूल. म्हणजे भाकरीबरोबर कारळ्याची चटणी खातो ती डेझीच्या बियांची.

---

चिमूटभर_मीठ | १४ ऑगस्ट, दुपारी १२:३१

आता जेवताना आठवणार. गाजरगवतही याच खानदानातलं का? शेवंतीच्या घरात कोणीतरी वाया गेलेलं असणारच.

---

खुरपं | १४ ऑगस्ट, दुपारी ४:००

आहे. फूल अगदी पांढरं, मोहरीएवढं, पाच कोपऱ्यांचं. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, बाहेरून आलेल्या धान्यातून बी आलं असं मानतात. आता देशभर. हाताने उपटताना मोजे घाला, त्वचेला खाज सुटते.

---

लाल_चिरा | १४ ऑगस्ट, रात्री ९:२०

एवढी कसली खटपट करता? आमच्याकडे रत्नागिरीत पाऊस चार महिने, पाल्युडोसम-बिल्युडोसम सगळं कुजतं. मी पिवळी डेझी लावलीय, वेडेलिया. गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, खाली लोंबते, बारा महिने फूल, ना खत ना फवारा. एक फांदी खोचली की झालं. कुंडीताई, पत्ता कळवा, फांदी पाठवतो.

---

गडवाट | १४ ऑगस्ट, रात्री ९:४८

लाल_चिरा, कृपा करून पाठवू नका. शहरांतल्या दुभाजकांवर सगळीकडे लावलेली असते ती हीच, पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हिचं नाव आहे. प्रत्येक पेराला मुळं फुटतात. तुकडा ओढ्यात पडला की खाली जाऊन रुजतो आणि काठावर दुसरं काही उगवू देत नाही.

---

लाल_चिरा | १४ ऑगस्ट, रात्री १०:०२

यादी कुणीतरी परदेशात बसून करायची आणि आम्ही आमच्या गडग्यावरचं झाड उपटायचं! दहा वर्षं आहे, कुठे पळून गेली नाही.

---

धुकं_आणि_चहा | १५ ऑगस्ट, पहाटे ३:१०

इंग्लंडमधून. इथे नुकती रात्र होतेय. डेझीवरचा मराठी धागा बघून बरं वाटलं, कारण इथे डेझी हा बागेतला विषयच नाही, हिरवळीतला वाद आहे.

इकडची मूळ डेझी म्हणजे बेलिस पेरेनिस. अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं फूल, दांडा दोन-तीन इंच. पानं जमिनीला चिकटून चक्राकार बसतात, म्हणून गवत कापायचं यंत्र वरून जातं आणि ती खालून वाचते. चार दिवसांत पुन्हा फुलं. शेजारचे आजोबा गुडघ्यावर बसून छोट्या काट्याने एकेक मुळासकट काढतात. दुसऱ्या बाजूची मुलगी मे महिन्यात गवत कापतच नाही, मधमाश्यांसाठी. दोन्ही घरांच्या मध्ये आमचं घर. आम्ही निम्मं कापतो.

संध्याकाळ झाली की फूल मिटतं, पाकळ्यांच्या खालच्या बाजूची गुलाबी कडा दिसते. सकाळी उघडतं. जुन्या इंग्रजीत नावच ‘दिवसाचा डोळा’ असं होतं, त्याचं झिजत झिजत डेझी झालं.

इथली मुलं डेझीची माळ करतात. दांड्याला नखाने चीर पाडायची, त्यातून दुसरीचा दांडा ओवायचा. माझ्या लेकीला शाळेत शिकवलं. मला ते जमेना, चीर फाटायची. मग मी आपली आई शेवंतीची वेणी करायची तशी दोऱ्याने गाठी मारत गेले. लेकीने ती डोक्यात घालून शाळेत नेली. बाईंनी विचारलं, ही कुठली पद्धत? ती म्हणाली, “आज्जीची.” आज्जीने ही फुलं बघितलेलीच नाहीत.

---

रविवारची_कुंडी | १५ ऑगस्ट, सकाळी ८:००

धुकं_आणि_चहा, किती छान लिहिलंयत. मिटलेलं फूल बघायचंय मला.

काकांना एक विचारायचं होतं. डेझी लावली की बाकीच्या झाडांवर कीड येत नाही असं एका व्हिडिओत ऐकलं. मग माझ्या डेझीवरच मावा कसा आला?

---

खुरपं | १५ ऑगस्ट, सकाळी १०:४५

व्हिडिओवाल्याने अर्धं ऐकलंय. पायरेथ्रम नावाची एक पांढरी डेझी आहे, तिच्या वाळवलेल्या फुलांत कीटकांना लुळं पाडणारं द्रव्य असतं. केनियाच्या थंड डोंगराळ भागात तिची शेती होते. डासांच्या उदबत्तीची सुरुवातही तिच्यापासून झाली. जपानच्या एइइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये तिची पूड घालून काडीची उदबत्ती केली, गोल वेटोळं नंतर आलं. आजच्या कॉइलमध्ये कारखान्यात बनवलेलं भावंड असतं. पण हे सगळं त्या एका डेझीचं कर्तृत्व. बाकीच्या डेझींवर मावा आनंदाने नांदतो. आडनावावर जाऊ नका म्हटलं ना.

माव्याला औषध लागत नाही. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, लागोपाठ तीन-चार दिवस. नाहीच हटला तर निंबोळी तेल, एक लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचा साबण, आणि तेही उन्हं कलल्यावर. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. ते पान खुडून डब्यात टाका, कुंडीत नको.

पेरणीचं एकदाच लिहून ठेवतो.

बोंडं हातावर चुरडा, फुंकर मारून भुसा उडवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं, पसरट ट्रेमध्ये. बी वरून शिंपडा आणि चिमूटभर कोकोपीटने जेमतेम झाका. खोल गेलं की वर येत नाही. पाणी झाऱ्याने नको, बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओढून घेईल. आठ-दहा दिवसांत कोंब. चार-पाच पानं झाली की रोप हलवायचं, संध्याकाळी. कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा भाताचं तूस, मूठभर निंबोळी पेंड. आठ इंची कुंडीत तीन रोपं, जास्त नको. वीतभर व्हायच्या आत एकदा शेंडा खुडा. जीवावर येईल, पण खुडा, फुटवे येतात. फुलं सुरू झाली की वाळलेली रोज काढायची, नाहीतर झाड ‘बी झालं, काम संपलं’ म्हणून थांबतं. बियांसाठी शेवटची चार ठेवा.

फूल आलं की पाकळ्या मोजा. या कुळात १३, २१, ३४ असे आकडे पुन्हा पुन्हा येतात. मधल्या चकतीतही डावी-उजवी वळणं मोजली तर हेच आकडे मिळतात.

---

चिमूटभर_मीठ | १५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

म्हणजे ‘ती हो म्हणते, ती नाही म्हणते’ करत पाकळ्या तोडल्या तर १३ आणि २१ ला ‘हो’वर संपतं, ३४ ला ‘नाही’वर. कॉलेजात असताना हे कुणी सांगितलं असतं तर.

---

लाल_चिरा | २ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

धागा वर काढतोय. गडवाट, तुमच्यावर चिडलो होतो. आज सुट्टी म्हणून पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने खाली चालत गेलो, आमच्या वाडीपासून अर्धा-पाऊण किलोमीटर. दोन्ही काठांना पिवळी डेझी. माझीच, दुसऱ्या कुणाकडे नाही. जिथे दर वर्षी तेरडा असायचा तिथे ती. गडग्याची पावसाआधी छाटलेली फांदी मी दर वर्षी पऱ्यातच टाकत होतो.

उपटतोय. दोन दिवस झाले, पेराचा तुकडा मागे राहतोच. मोठ्या पोराला कामाला लावलंय.

---

गडवाट | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

उपटलेली मातीवर टाकू नका, रुजेल. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून उन्हात महिनाभर तापवा. पुढच्या शनिवार-रविवारी मी कोकणात आहे, हवं असेल तर हातभार लावायला येतो.

---

लाल_चिरा | २ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

या. जेवायलाच या.

---

काळी_माती | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

शास्ता हिमाचलला बदली झालेल्या मैत्रिणीला दिली. खुरपंकाका, जून-जुलैमध्ये फोटो येतो की नाही बघू. तिच्या जागी पाल्युडोसमचं पाकीट पेरलंय. दाट उगवलं, विरळणी करताना हात चालत नव्हता.

---

रविवारची_कुंडी | १८ जानेवारी, सकाळी ९:१०

सगळ्यांना अहवाल देते.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पेरलं. बाराव्या दिवसापर्यंत काहीच नाही, मी ट्रे टाकून देणार होते. तेराव्या दिवशी चौदा कोंब. दोन कबुतरांनी तुडवले, एक मी हलवताना मोडलं. अकरा रोपं चार कुंड्यांत. शेंडे खुडायच्या दिवशी सासूबाई शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, “चांगली वाढतायत तर कशाला तोडतेस?” मी म्हटलं काकांनी सांगितलंय. “कोणते काका?” आता त्या रोज विचारतात, काकांनी काय लिहिलंय.

गणपतीत पत्रीची जुडी सोडवताना माका शोधला. फूल होतं. मोबाइलने मोठं करून बघितलं, सासूबाईंनाही दाखवलं.

आणि दुसऱ्या कुंडीच्या काठाशी एकदांडी आपोआप आलीय. काढलेली नाही.

काल सकाळी पहिलं फूल पूर्ण उघडलं. आज बघते तर मधल्या चकतीची बाहेरची एक ओळ तेवढी फुललीय, आत सगळं बंद. पॉलीहाऊसवाल्या दादांनी म्हटल्यासारखं.

---

चिमूटभर_मीठ | १८ जानेवारी, सकाळी ९:१४

अभिनंदन! पाकळ्या किती? १३ की २१?

---

रविवारची_कुंडी | १८ जानेवारी, सकाळी ९:२२

तीनदा मोजल्या. १९.

---

खुरपं | १८ जानेवारी, सकाळी ११:००

दोन कबुतराने नेल्या असतील. दुसरं फूल येऊ द्या.